खरकट्याचे खत



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'खरकटे' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग अतिशय सौजन्याने म्हणाले, "कामगार चळवळीवर बोलला असता तर बरे झाले असते." आम्ही त्यांना सांगितले की आम्ही कामगार चळवळीवरच बोलणार आहोत, फक्त ह्या खेपेस तिची वाट एका भोजनालयाच्या मागल्या दारातून जाते. शाळा आमची नववीत सुटली. रसायनशास्त्र नावाचा विषय आम्ही वर्गात बसून कधी शिकलो नाही. जे पुढे सांगणार आहोत ते नगरवाचनालयातील काही पुस्तके, एका निवृत्त शिक्षकांची कृपा आणि तीन बायांची नोकरी जाण्याची भीती, ह्यांच्या जोरावर वयाच्या पन्नाशीत शिकलेले आहे. तज्ज्ञांनी ते तेवढ्याच मापाने घ्यावे.

घडले ते असे. एका विद्यापीठाच्या वसतिगृहांतील भोजनालयात आणि सफाईखात्यात काम करणारे कंत्राटी कामगार आमच्या संघटनेचे सभासद आहेत. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण जो दोष तेथे घडला तो कोठेही घडू शकतो. 2016 साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम काढले. दिवसाला सरासरी 100 किलोंहून अधिक कचरा जेथे निघतो त्यांना त्या नियमांनी 'मोठे कचरा-उत्पादक' असे नाव दिले आणि त्यांत विद्यापीठांचा स्पष्ट उल्लेख केला. पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या आवाराच्या संस्थांनी आपला कुजणारा कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, त्याचे खत करावे किंवा गॅस करावा, असेही त्यांत सांगितले. आता आकडा पाहा. हजार मुलांच्या भोजनालयात माणशी शंभर ग्रॅम अन्न ताटात राहिले, म्हणजे पोळीचा तुकडा, मूठभर भात आणि न आवडलेली भोपळ्याची भाजी, की झाले शंभर किलो. भाजीचे निवडण वेगळेच. तेव्हा नियम लागू झाला. मागल्या बाजूस सिमेंटचे पाच पक्के खड्डे बांधण्यात आले, त्यांवर पाटी लागली, आणि तीन बायांना तेथे नेमण्यात आले. खरकट्याची पिंपे ओढत न्यावयाची, खड्ड्यात ओतावयाची, फावड्याने ढवळावयाची.

पहिल्याच पावसाळ्यात असा वास सुटला की मुलांनी खोल्यांच्या खिडक्या उघडणे बंद केले. अर्ज गेले. अर्जावर दोनशेच्या वर सह्या होत्या. वरिष्ठांनी ठेकेदाराला पत्र लिहिले, ठेकेदाराने त्या तिघींना नोटीस दिली: खड्डे नीट न ढवळल्यामुळे दुर्गंधी पसरली, ह्या हलगर्जीबद्दल कामावरून का काढू नये ह्याचा खुलासा आठ दिवसांत करावा. तिघींपैकी एकीची मुलगी त्याच विद्यापीठात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सह्या करणाऱ्यांत तिच्या वर्गातली मुले होती. त्यांना अर्थातच कोणाविरुद्ध सही करीत आहोत हे माहीत नव्हते. ती वासाविरुद्ध सही करीत होती.

त्या मावशी आमच्याकडे नोटीस घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ढवळतो हो आम्ही. जितकं जास्त ढवळावं तितका जास्त वास येतो." हे वाक्य आम्ही टिपून ठेवले. पगारपत्रक आम्हांला वाचता येते, हजेरीबुकातली खाडाखोड नजरेने कळते. पण खड्डा वाचता येत नव्हता. आणि खड्डा वाचता आल्याशिवाय खुलासा लिहिता येणार नव्हता. म्हणून वाचनालयात जाऊन बसलो.

खत होणे म्हणजे काय, हे आधी सांगावयास हवे. पुष्कळांची समजूत अशी की वस्तू पुरली की सडते, सडली की खत होते. उकिरड्याचे दैव बारा वर्षांनी फिरते अशी म्हणच आहे. शास्त्राने केले तर त्याला बारा आठवडे पुरतात. सडणे दोन तऱ्हांचे असते, आणि सगळी मेख ह्या दोन तऱ्हांत आहे. पहिल्या तऱ्हेत सूक्ष्म जंतूंना हवा मिळते. ते अन्न खातात, आपल्यासारखाच श्वास घेतात, कर्बवायू आणि पाण्याची वाफ सोडतात, आणि खाताना तापतात. ढीग साधारण घनमीटरभर मोठा असला, म्हणजे लांबी-रुंदी-उंची तीन-तीन फुटांच्या वर असली, की ही ऊब बाहेर जाण्याआधीच आत साठते आणि दोन-चार दिवसांत आतले तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत चढते. लोखंडी गज आत खुपसून पाच मिनिटांनी काढला तर हातात धरवत नाही. 55 अंशांची ऊब ढिगाच्या सर्व भागांना काही दिवस सलग मिळाली की रोगजंतू, माश्यांची अंडी, तणांची बहुतेक बीजे मरतात. मात्र 70 अंशांच्या वर गेली तर काम करणारे जंतूच मरतात. म्हणजे तेथेही कामगारांची काळजी घ्यावीच लागते. दुसऱ्या तऱ्हेत हवा नसते. तेव्हा दुसरे जंतू पुढे येतात. त्यांना हवेची गरज नाही. पण ते आंबट आम्ले, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आणि मिथेन तयार करतात. वास येतो तो ह्या दुसऱ्या जंतूंचा. तो खताचा वास नव्हेच. खत न होण्याचा वास आहे.

मग त्या खड्ड्यात हवा का नव्हती? तिघी ढवळत तर होत्याच. ह्याचे उत्तर शोधताना आम्हांला दोन मापे कळली आणि आमचा खुलासा तयार झाला.

पहिले माप पाण्याचे. ताटातल्या खरकट्यात शंभरातले सत्तर ते ऐंशी भाग पाणी असते. भात, आमटी, रस्सा, धुवणाचे पाणी. खत होण्यास ढिगात पन्नास ते साठ भाग ओलावा लागतो. त्याहून अधिक झाला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवेला जागाच राहत नाही. असे खरकटे ढवळले तर हवा आत जात नाही. आत कोंडलेला वायू मात्र बाहेर येतो. मावशींचे वाक्य अक्षरशः खरे होते.

दुसरे माप अन्नाचे. जंतूंना जळणासाठी कर्ब लागतो आणि शरीर बांधण्यासाठी नत्र. एका भाग नत्राला पंचवीस ते तीस भाग कर्ब असला की त्यांचे चांगले चालते. खरकट्यात हे प्रमाण साधारण पंधरास एक पडते. म्हणजे डाळ फार आणि भाकर कमी असा प्रकार. शिल्लक राहिलेले नत्र अमोनिया होऊन उडते, आणि नाकाला झोंबते. वाळक्या पानांत ह्याच्या उलट असते. तेथे पन्नास-साठ भाग कर्ब आणि एक भाग नत्र. लाकडाच्या भुशात तर शेकडो भाग कर्ब. तेव्हा ओल्यात वाळके मिसळले की पाण्याचे माप आणि अन्नाचे माप, दोन्ही एकदमच जुळतात. शंभर किलो खरकट्यात पाऊणशे किलो पाणी धरा. त्यात दहा टक्के ओलाव्याची वाळकी पाने तीस किलो घाला. ओलावा साठ टक्क्यांवर येतो. चाळीस किलो घातली तर छप्पन्नावर, आणि कर्ब-नत्राचे प्रमाणही पंचवीसच्या आसपास जाते. हे त्रैराशिक आम्ही स्वतः मांडले आणि त्या निवृत्त शिक्षकांकडून तपासून घेतले. वजनाने पाने तिसरा हिस्सा, पण आकाराने पाहाल तर एका पाटीला दोन-तीन पाट्या. शिवाय पानांमुळे कणांत पोकळी राहते. ढिगाला फुप्फुसे मिळतात.

आता प्रश्न असा की त्या खड्ड्यांत वाळकी पाने का पडत नव्हती? विद्यापीठाच्या आवारात झाडे काय थोडी होती? सकाळी सात वाजता आम्ही तेथे गेलो. भोजनालयाच्या मागे पाच खड्डे पाण्याने डबडबलेले, आणि तेथून दीडशे पावलांवर बागेचे लोक पाने झाडून, ढीग करून, काडी लावीत होते. धूर वसतिगृहाच्या एका बाजूने आणि वास दुसऱ्या बाजूने. चौकशी करता कळले की बागेचा ठेका एकाचा आणि भोजनालयाचा दुसऱ्याचा. पाने पहिल्याच्या निविदेत, खरकटे दुसऱ्याच्या निविदेत. दोघांचे अधिकारी वेगळे, बिले वेगळी. पानांनी शंभर-दीडशे पावले चालून जावे असे कोणाच्याच कागदावर लिहिलेले नव्हते. सफाई करणारी बाई आपण होऊन पाने उचलून आणील तर बागेचा मुकादम हटकणार. निम्मे खत एका कोपऱ्यात जळत होते आणि निम्मे दुसऱ्या कोपऱ्यात सडत होते, आणि नोटीस मिळाली होती फावडे हातात असलेल्यांना.

आणखी एक गोष्ट. खड्डे सिमेंटचे होते, तळ पक्का, बाजू पक्क्या, वर छप्पर नाही. हवेला बाजूने वाट नाही आणि पाण्याला खाली वाट नाही. हौद बांधणाऱ्याने पाणी साठवण्याचा हौद जसा बांधतात तसाच तो बांधला होता. ह्या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रात केवढे शहाणपण जमा आहे, हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी विटांचा जो हौद सुचविला तो त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून देशभर ओळखला जातो. त्याच्या चारी भिंतींत विटांमध्ये मुद्दाम भोके ठेवतात. पालापाचोळा, थोडे शेण, थोडी माती, ह्यांचे थर रचून वरून लिंपून टाकतात. सुमारे तीन-चार महिन्यांत खत मिळते. गवंड्याने विटा सोडावयाच्या, एवढेच त्यातले तंत्र. पण ते न कळल्यास पक्के काम कच्च्याहून वाईट.

त्याहून मागे गेलो तर इंदूर लागते. इंदूरच्या वनस्पती-संस्थेत 1924 ते 1931 ह्या काळात अल्बर्ट हॉवर्ड ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने ढिगाने खत करण्याची पद्धती बसविली, आणि 1931 साली तिच्यावरचे पुस्तक निघाले ते हॉवर्ड आणि यशवंत वाड ह्या दोघांच्या नावाने. जगभर हॉवर्डचे नाव झाले; वाड मागे पडले. सहकाऱ्याचे नाव पुस्तकावर आले हेच त्या काळी पुष्कळ होते म्हणा. त्या पद्धतीत एक साधी सूचना आहे: कोरड्या दिवसांत उथळ खड्ड्यात करा, पावसाळ्यात जमिनीवर ढीग करा. नव्वद वर्षांपूर्वी छापलेली ही ओळ आमच्या विद्यापीठाच्या अभियंत्यांपर्यंत पोहोचली नव्हती. ह्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. आपल्याकडे ज्ञान एका इमारतीत असते, काम दुसऱ्या इमारतीत असते, आणि मधल्या रस्त्याचा ठेका कोणाकडेच नसतो.

बैठक झाली. समोर विद्यापीठाचे अधिकारी, अभियंता, दोन्ही ठेकेदार, आणि आमच्या विनंतीवरून बोलावलेले वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक. आम्ही लेखी खुलासा वाचला. त्यात पहिल्या परिच्छेदात त्रैराशिक होते, दुसऱ्यात दोन निविदांची कलमे होती, आणि तिसऱ्यात एवढेच विचारले होते की सदर कामगारांना कामावर घेताना ह्यांपैकी कोणती गोष्ट शिकविण्यात आली. प्राध्यापकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हिशेब बरोबर आहे." आम्हांला आजवर मिळालेल्या प्रमाणपत्रांत हे एक मोठे समजतो.

नोटिसा मागे घेण्यात आल्या. पाने जाळणे बंद करून ती खड्ड्यांपाशी पोचती करावी असे बागेच्या ठेक्यात लिहून आले. खड्ड्यांच्या भिंतींना भोके पाडली, तळाशी विटांचे तुकडे आणि वर पत्र्याचे छप्पर आले. खरकटे आधी मोठ्या चाळणीवर निथळून मगच पानांत मिसळावयाचे ठरले. प्रत्येक नव्या थरावर जुन्या खताची एक पाटी पसरावयाची. दुधाला विरजण लावावे तसे. प्राध्यापकांनी एक लांब दांड्याचा तापमापक दिला आणि त्या मुलीने, जिच्या वर्गातल्या मुलांनी सह्या केल्या होत्या तिने, रोजचे आकडे वहीत लिहिण्याचे काम आपणहून घेतले. चौथ्या दिवशी आकडा 58 वर गेला. तिची आई तो तापमापक पुन्हा पुन्हा खुपसून पाहत होती. ताप आलेल्या मुलाला पाहावे तसे, पण उलट्या आनंदाने. तिघींपैकी एक मावशी मात्र ह्या साऱ्याच्या आधीच, नोटिशीच्या धसक्याने काम सोडून गावी गेली होती. तिला परत आणण्यास आम्हांला यश आले नाही.

हातांविषयी बोलल्याशिवाय हा विषय सांगणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. भरलेले पिंप दोन बायांनी ओढणे म्हणजे कंबरेचा सत्यानाश. अर्धे पिंप आणि चाकांची गाडी, हा पहिला नियम. खरकट्यात काचेचे तुकडे, दातकोरणी, चमचे निघतात. तेव्हा जाड हातमोजे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन. वाळलेले खत चाळताना बुरशीची भुकटी उडते, ती छातीत जाते. तेव्हा तोंडाला पट्टी, आणि चाळण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा. ह्या वस्तू 'मागणी केल्यास' पुरविण्यात येतील असे ठेकेदार लिहितात. मागणी करणारी बाई रोजंदारीवर असते हे त्यांना माहीत असते.

सातारकरांना तरी हे वेगळे सांगावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवली आणि स्वतःची कामे स्वतः केली. जो ताट घासतो तो ताटात कमी टाकतो; त्याला भाषण लागत नाही. आजच्या विद्यापीठांतल्या मुलांनी पिंपे ओढावीत असे आमचे म्हणणे नाही; ते काम पगारी आहे आणि पगारीच राहावे. परंतु आपले ताट आपण तीन डब्यांवर रिकामे करावे, ओले येथे, कागद येथे, उरलेले येथे, एवढे तरी व्हावे. त्या विद्यापीठात हे सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात पिंपे कमी भरू लागली, असे तिघींच्या जागी आलेल्या दोघीतिघी सांगतात. आपण काय टाकले हे सर्वांसमोर दिसू लागले, एवढेच कारण.

ह्या संबंधात पुण्याचे उदाहरण मोठे आहे. तेथे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ह्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये काम करू लागल्या. साक्षरतेच्या वर्गातून प्रश्न निघाला तो हा की उकिरड्यात हात घालून वेचण्याऐवजी घराच्या दारातच वेगळा केलेला कचरा का मिळू नये. विद्यापीठाने त्यांना ओळखपत्रे दिली. कचरा वेचणारीच्या हातात विद्यापीठाचे ओळखपत्र, ही गोष्ट आपल्याकडे किती मोठी आहे ते पोलिसाने हटकलेल्यालाच कळेल. 1993 साली हमाल पंचायतीच्या बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ती रीतसर कामगार संघटना आहे. पुढे ह्याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि 2008 साली पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. अनेक गृहसंस्थांच्या आवारात खताचे खड्डे ह्या बायका चालवितात. विद्यापीठाने खताचा प्रयोग केला, अशा बातम्या पुष्कळ येतात. पण कचऱ्याशी खेळणाऱ्या हातांना विद्यापीठाने माणूस म्हणून मान्य केले, ही बातमी आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते.

आता महाबळेश्वराकडे येऊ. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे विद्यापीठ कोठे आहे? पण विद्यापीठाचे आवार आणि थंड हवेचे ठिकाण ह्यांचे दुखणे एकच आहे. दोन्हीकडे माणसे हंगामाने येतात आणि हंगामाने जातात. सत्र चालू असताना पिंपे ओसंडतात, सुटीत ढीग उपाशी पडतो. तुमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उपाहारगृहांच्या मागे रांगा लागतात आणि जुलैत चिटपाखरू नसते. पाचगणीच्या निवासी शाळांना तर दोन्ही दुखणी आहेत.

तुमच्याकडे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटरांच्या घरात पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पावसाच्या झडीपासून भिंती राखण्यासाठी घरांना गवताच्या ताट्या बांधण्याची रीत जेथे होती, तेथे उघडा खड्डा म्हणजे विहीरच. तेव्हा जमिनीवर, फूटभर उंच ओट्यावर, छपराखाली ढीग. चारी बाजूंनी जाळी. जाळी हवेसाठी आहे तशी माकडांसाठीही आहे. माकडांना उघड्या खरकट्याची चटक लागली की ती सोडत नाहीत, आणि जेथे खरकटे तेथे कुत्री, जेथे कुत्री तेथे बिबळ्या, हे येथील लोकांना आमच्यापेक्षा अधिक माहीत.

वाळक्या पानांचा साठा आत्ता करावयाचा असतो. ही वसंताची पानगळ ह्याच दिवसांत खाली पडते. ओले खरकटे मात्र पुढेही येत राहते. कोरडी पाने पोत्यांत दाबून माळ्यावर ठेवलीत तर पावसाळ्यात हाताशी येतील. मात्र पाने आपल्या बागेतली आणि आपल्या आवारातली. रानातली आणू नयेत. 2001 साली महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला तो उगीच नव्हे. रानातली पाने हे रानाचे खत आहे, आणि आपल्या खरकट्यासाठी हिरड्या-जांभळांच्या मुळांचे पांघरूण ओढून घेणे योग्य नाही. पाने कमी पडली तर लाकडाचा भुसा, फाटके पुठ्ठे चालतात. खाली वाईकडे उसाचे पाचट मिळते.

ढिगातून गळणारे काळे पाणी फार जपावे लागते. ते गटारात सोडले तर ओढ्यात जाते, ओढा वेण्णेला, वेण्णा कृष्णेला. सांगलीचा माणूस जे पाणी पितो त्याचा उगम तुमच्या देवळात आहे, हे तुम्ही अभिमानाने सांगता. तेव्हा ते गळणारे पाणी खाली पन्हळ करून बादलीत धरावे आणि कोरड्या पानांवरच परत शिंपडावे. पाने योग्य मापाने घातली तर ते गळतच नाही म्हणा.

स्ट्रॉबेरीच्या बागाईतदारांना सांगावयाचे ते एवढे. हॉटेलच्या खरकट्यात मीठ आणि तेल असते. तेल कणांवर बसून हवा अडविते, आणि मीठ कुजत नाही. ढीग आटतो तसे ते खतात दाट होते. स्ट्रॉबेरी खारटपणाला फार नाजूक. तेव्हा लोणची, पापड, तळणीचे तेल ढिगात येऊ देऊ नये, आणि खत मातीत मिसळून, बेताने घालावे. फळ जमिनीलगत असते, म्हणून 55 अंशांचा ताप न चढलेले खत तिला घालूच नये. गांडुळे सोडावयाची तीही हा ताप उतरल्यावर. पस्तीस अंशांच्या वर ती बिचारी तग धरीत नाहीत. ताज्या खरकट्यात गांडुळे सोडून 'गांडूळखत प्रकल्प' अशी पाटी लावलेले खड्डे आम्ही पाहिले आहेत. पाटी टिकते, गांडुळे आठवडाभर.

यंत्रांविषयी विचाराल. चोवीस तासांत खत करून देणारी यंत्रे विकावयास येतात. त्यांतली बरीचशी अन्न तापवून, वाळवून, कुटून देतात. निघते ती तपकिरी भुकटी, खत नव्हे. पाणी लागले की ती पुन्हा वास मारू लागते. चोवीस तासांत जंतूंचे काम होत नाही. वीज मात्र चोवीस तास लागते. जेथे जागाच नाही तेथे गॅसचा मार्ग अधिक शहाणपणाचा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे ह्यांनी बसविलेली 'निसर्गऋण' ही पद्धती माथेरानसारख्या डोंगरावरच्या गावीही नेण्यात आली. तेथे वास मारणाऱ्या त्याच दुसऱ्या जंतूंना बंद टाकीत कोंडून त्यांच्याकडून जळण काढतात. पण तिलाही वेगळे केलेले, प्लास्टिक नसलेले खरकटे रोज लागते, आणि रोज टाकीकडे पाहणारा जाणता माणूस लागतो. दक्षिण कोरियाने 2005 साली खरकटे पुरण्यास बंदी केली, सॅन फ्रान्सिस्को शहराने 2009 साली ओला कचरा वेगळा देणे सक्तीचे केले. तेथेही सारे अवलंबून राहिले ते स्वयंपाकघरातल्या पहिल्या डब्यावर.

खत तयार झाले हे कसे ओळखावे? ढीग ढवळूनही तापत नाही, आकार निम्म्याहून कमी झालेला असतो, आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. मुठीत दाबले तर गोळा होतो, पण बोटांतून पाणी गळत नाही. तरी खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातला हळीव घ्या. एका पसरट डब्यात निम्मे खत निम्मी माती घालून हळीव पेरा, शेजारी नुसत्या मातीत पेरा. कच्च्या खतात हळीव उगवत नाही किंवा पिवळा पडतो. पक्क्या खतात चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखाच हिरवा येतो.

त्या विद्यापीठात पहिले खत निघाले तेव्हा बायांनी भोजनालयाच्या खिडकीत असे दोन डबे ठेवले होते. मुले जेवायला येता-जाता विचारीत, हे काय. त्या सांगत. त्या वर्षीचे खत रोपवाटिकेला विकले गेले. पैसे विद्यापीठाच्या सामान्य निधीत जमा झाले. त्यातला काही हिस्सा खत करणाऱ्या कामगारांना मिळावा, अशी मागणी आम्ही दिली आहे. अधिकारी म्हणतात, खरकटे विद्यापीठाचे, पाने विद्यापीठाची. आम्ही म्हणतो, दोन्ही आधीही विद्यापीठाचीच होती, आणि तेव्हा एक जळत होते आणि दुसरे सडत होते. दोन बैठका झाल्या आहेत. तिसरी जूनमध्ये, सत्र सुरू झाल्यावर.